दाराची तार

"उपलब्ध पुराव्यांचा साकल्याने विचार करता, चालक महिलेने वाहन चालू असताना आसन बटणाद्वारे स्वेच्छेने पूर्णतः मागे घेतले, त्यायोगे स्वतःस ब्रेकपासून दूर केले व वाहन पुलाच्या कठड्यावर नेले, असा निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय दिसत नाही."

हा चौकशी अहवालाचा सातवा परिच्छेद. शेवटचे तीन शब्द नीट वाचावेत. प्रत्यवाय, म्हणजे हरकत, घेऊ शकली असती ती बाई मेली होती, आणि दुसरे कुणी घेईल काय हे पाहण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. तेव्हा तो दिसणार तरी कसा?

सीट अगदी मागे सरकलेली सापडली, हे खरे. धडकेत गाडीची बॅटरी चेचली गेली, त्यामुळे धडकेनंतर सीट हलणे शक्य नव्हते, म्हणजे ती आधीच मागे गेली, हेही खरे; किंबहुना सबंध अहवालात लेखकाने डोके वापरले असे हे एकच स्थळ. पण बरोबर दारापाशी येऊन त्याने कडी वाजवली नाही. सीट मागे गेली, म्हणजे कुणीतरी नेली. गाडीत माणूस एकच, म्हणजे त्यानेच नेली. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत, याचा अर्थ तिला थांबायचे नव्हते. ज्या बाईचा पाय ब्रेकला पोचत नव्हता असे अहवाल एका ओळीत सांगतो, तिने ब्रेक दाबला नाही याबद्दल तोच अहवाल पुढच्या ओळीत तिच्यावर ठपका ठेवतो. स्टिअरिंग कठड्याच्या बाजूला वळलेले होते, यातून हेतू सिद्ध झाला. त्या दिवशी सकाळी घरात वाद झाला होता, यातून कारण सिद्ध झाले. आणि अकराव्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, ही टीप: "हँडब्रेक ओढलेल्या स्थितीत आढळला, मदतकार्यात कुणीतरी ओढला असावा." म्हणजे पुढचा अर्धा भाग कठड्यात रुतलेल्या गाडीपाशी लोक धावत आले आणि बाईला बाहेर काढण्याआधी, गाडी उतारावरून घरंगळेल या काळजीने, त्यांनी हँडब्रेक लावला! मरायला निघालेली बाई हँडब्रेक ओढत नाही, म्हणून तो दुसऱ्या कुणीतरी ओढला असलाच पाहिजे. निष्कर्ष आधी ठरला की पुरावे असे मुकाट्याने रांगेत उभे राहतात.

आणखी एक वाक्य राहिले. "आसनव्यवस्था तपासली असता बटणानुसार सुरळीत चालते, तारजोडणी नीटनेटकी असून दोष आढळला नाही."

गाडी चालू असताना सीट बटणाशिवाय दुसऱ्या कशाने हलू शकते काय, हा प्रश्न अहवालात कुठेच नाही. त्याचे उत्तर ठाऊक असलेला माणूस एकच होता. ती नीटनेटकी तारजोडणी करणारा वायरमन. मृत बाईचा सख्खा धाकटा भाऊ. अहवालाची प्रत त्याने गॅरेजच्या पाण्याच्या टाकीपाशी उभ्याने वाचली. 'दोष आढळला नाही' हे वाक्य तीनदा वाचले. त्या रात्री, सात आठवड्यांत पहिल्यांदा, तो गाढ झोपला. या झोपेबद्दल त्याने पुढे स्वतःला क्षमा केली नाही, आणि आपणही करण्याचे कारण नाही.

*

ताई गणित शिकवायची. उंचीने ठेंगणी, त्यात डाव्या खुब्याचे हाड लहानपणीच वाकडे जुळलेले. गाडी चालवायची तर सीट अगदी पुढे ओढावी लागे, तेव्हा कुठे पाय पेडलला टेके. आणि उतरायचे तर एवढ्या अडचणीत खुबा वळत नसे. मग सीटखालचा दांडा ओढण्यासाठी वाकायचे, ओठ दाबायचे, आणि कुणी पाहत असेल तर हसायचे. नवरा वारल्याला नऊ वर्षे झाली होती. पाहणारी बहुधा मुलगीच असे.

"दांडा ओढताना तोंड कसं करतेस ठाऊक आहे?" भाऊ म्हणाला होता. "उत्तर चुकल्यासारखं."

"माझं उत्तर चुकत नाही. खुबा चुकतो."

त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये विजेवर सरकणाऱ्या सीटा येत. मागून धडक बसून भंगारात निघालेल्या अशा एका गाडीच्या सीटा त्याने मिळवल्या. ड्रायव्हरच्या सीटखाली तळहाताएवढी एक काळी डबी होती, आणि खरी करामत तिच्यात होती. गाडी बंद करून दार उघडले की ही डबी सीट आपणहून पार मागे नेई, चालकाला सुखाने उतरता यावे म्हणून. ताईसाठी मागणी देऊन बनवल्यासारखी.

"किती वेळ लागेल रे?"

"दोन दिवस. सीट बसवायला अर्धा तास. तारा ओढायला उरलेला जन्म."

तो हलगर्जी कारागीर नव्हता, हे इथे नमूद केलेच पाहिजे. हलगर्जी असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. त्याने आधी बॅटरीची तार काढली. एअरबॅगच्या पिवळ्या प्लगला हात लावण्यापूर्वी पुरती दहा मिनिटे घड्याळ लावून थांबला. जुन्या सीटचे चार बोल्ट काढून कागदावर त्याच क्रमाने मांडले. गालिचा उचलून बॅटरीपासून जाड लाल तार आणली, तिला स्वतःचा वेगळा फ्यूज दिला, पत्र्यातून जाते तिथे रबराची बाही चढवली, दर वीतभर अंतरावर ती बांधली, आणि सीट मागेपुढे होताना तार रुळात सापडू नये म्हणून खाली पुरेसा ढिला वळसा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बटण दाबले की सीट लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकू लागली.

राहिल्या होत्या डबीच्या दोन बारीक तारा. सीट आपणहून मागे नेण्यापूर्वी डबी दोन प्रश्न विचारते: किल्ली बंद आहे का, आणि दार उघडे आहे का. दोन्हींचे उत्तर 'हो' आले तरच ती हलते. ज्याने ही डबी पहिल्यांदा बनवली त्या अनामिक माणसाला ठाऊक असणार की तार तुटते, सांधा सुटतो. म्हणून एका प्रश्नाचे उत्तर खोटे आले तर दुसऱ्याने सावरावे, अशी ती सोय होती. किल्लीची तार डॅशबोर्डखाली सहज हाताशी होती. दाराची तार न्यायची म्हणजे दाराचे आतले पॅनेल उघडायचे, त्याचे चाप तुटू न देता. मग दार आणि गाडी यांच्यामधल्या रबरी नळीतून, जिच्यात आधीच सात तारा कोंबलेल्या, आठवी ढकलायची. दोन तासांचे काम.

गॅरेजचा मालक खिडकीपाशी येऊन उभा राहिला. "अजून लोळतोयस?"

"दाराची तार राहिलीय."

"राहू दे की! नेहमीसारखी बॉडीला जोड आणि मोकळा हो. डबीला काय कळतंय दार उघडं की बंद?"

खरेच, डबीला काय कळत होते? दाराची तार गाडीच्या पत्र्याला जोडली की डबीपुरते दार कायमचे उघडे. मग किल्ली बंद केली की सीट मागे जाई; दार उघडण्याच्या चार क्षण आधी, एवढाच फरक, आणि गिऱ्हाइकांना तो फरक उलट आवडे. याआधी चार गाड्यांना त्याने असेच केले होते. चौघांनीही मित्रांना नेऊन दाखवले होते. शिवाय किल्लीची तारही त्याने तपासणीपुरती म्हणून सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळली होती. सगळे ठीक चालले की सोल्डर करून पक्की करू. सगळे ठीक चालले. चालले म्हणून गालिचा खाली आला.

ताईने किल्ली फिरवली, गाडी बंद झाली, आणि सीट हलकेच गुरगुरत तिला मागे घेऊन गेली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवून तो प्रवास केला. मग पुन्हा गाडी चालू केली, पुढे आली, पुन्हा बंद केली. तीनदा.

"अगं, मोटर जाईल," मुलगी बाहेरून ओरडली.

"जाऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मी उठायच्या आधी जागा करून देतंय." मग भावाकडे वळून, "तुझ्या भावोजींना जमलं नाही ते तुझ्या डबीला जमलं बघ."

अपघाताच्या आठ दिवस आधी तिचा फोन आला. तो तेव्हा दुसऱ्या गाडीखाली उताणा होता. फोन कान आणि खांदा यांच्यात धरलेला.

"अरे, काल शाळेच्या गल्लीतल्या गतिरोधकावर सीट जराशी मागे सरकली. मग थांबली."

"बटणाला पर्स लागली असेल."

"पर्स मागच्या सीटवर होती."

"मग भास असेल, ताई."

जी बाई वर्गात एक पायरी गाळू देत नसे, तिने भावाचा शब्द विनापुरावा मान्य केला.

"असेल," ती म्हणाली. "वय झालं."

तिला एक्कावन्नावे लागले होते.

*

अहवालाची प्रत मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला केबिनमध्ये बसवले, स्वतःच्या खुर्चीशेजारी. ही जागा एरवी मोठ्या गिऱ्हाइकांची.

"तुझं नावसुद्धा नाही त्यात," मालक म्हणाला. "उलट नीटनेटकी म्हणालेत. आता डोकं शांत ठेव. बहीण गेली, वाईट झालं. तिच्या मनात काय होतं ते आपल्याला काय ठाऊक?"

"तिच्या मनात तसलं काही नव्हतं."

"माणसाच्या मनाचं वायरिंग कुणी पाहिलंय!" मालक म्हणाला, आणि आपल्याच वाक्यावर खूश होऊन त्याने मान हलवली.

वायरमनने पाच दिवस काही बोलायचे नाही असे ठरवले नव्हते. पण न बोलणे ही गोष्ट ठरवावी लागत नाही, ती आपोआप होत राहते.

सहाव्या दिवशी, बुधवारी, भाचीने बोलावले. वीस वर्षांची मुलगी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अहवालाची प्रत, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. बाजूला आईची लाल पेनं, एका उंचीची उभी रचून ठेवलेली. आणि एक थाळी, तिच्यावर दुसरी उपडी थाळी. खालचे अन्न सकाळचे होते. भाचीच्या गालांची हाडे वर आली होती. आईचा स्वेटर तिला मोठा व्हायला नको होता. तो झाला होता.

"मामा, एक विचारू? तूच बसवलीस म्हणून."

"विचार ना."

"सीट पार पुढून पार मागे जायला किती वेळ लागतो?"

"अकरा सेकंद," तो म्हणाला. एवढ्या लगेच म्हणाला, की आवाजात कामाचा अभिमानसुद्धा आला.

मुलीने कागदावर आकडा लिहिला. त्याच्याभोवती गोल काढला. ती आईची सवय होती.

"आणि तेवढा सगळा वेळ बटण दाबूनच धरावं लागतं? सोडलं की थांबते?"

आता त्याला कळले की तो कुठे येऊन उभा आहे. "अगं, पण तू कशाला..."

"थांबते ना?"

"थांबते."

"म्हणजे अकरा सेकंद." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि खरोखरच मोजू लागली. तो समोर बसून होता. सेकंदकाटा खुडखुड करत सरकत होता. "खूप असतात रे मामा," अखेर ती म्हणाली. "एवढ्या वेळात माणूस बोट उचलू शकतो. तिनं नाही उचललं. मी सकाळी तिला म्हणाले होते, तू आहेस तोवर मला कुठं जाताच येणार नाही. बाहेर शिकायला जायचं होतं मला, म्हणून. तिनं ऐकून घेतलं आणि डबा भरला. माझाही भरला. मग अकरा सेकंद विचार केला आणि मला मोकळं केलं."

"वेडी आहेस का? हँडब्रेक ओढलेला होता! मरणारं माणूस हँडब्रेक ओढतं का?"

"तो लोकांनी ओढला. अकराव्या पानावर आहे."

"ते लिहिणाऱ्यांना काय कळतंय!"

"मग कुणाला कळतंय, मामा? तू सांग. तुला त्या सीटमधलं सगळं कळतं. गाडी बंद केली की जाते ते मी पाहिलंय. चालू असताना, बटण न दाबता, ती जाते का मागे?"

तो गप्प बसला.

"बघ," ती म्हणाली, जणू त्याच्या गप्प बसण्याने तिची शेवटची पायरी लिहून झाली. "उद्या जाऊन सही करते. नातेवाइकांचा आक्षेप नाही म्हणून. परवा संध्याकाळपर्यंत कुणी काही बोललं नाही तर अहवाल कायम. ते चौकशीचे साहेब म्हणाले, गाडी त्यांच्या आवारात आहे. त्यांना विचारणार आहे, मला एकदा त्या सीटवर बसू देतील का."

"कशाला?"

"तिथून काय दिसतं ते बघायचंय."

"आणि मग? शिकायला जायचं होतं ना तुला? फॉर्म भरलास का?"

"आता कुठं जायचंय मला," मुलगी म्हणाली. "सगळीकडचं झालं जाऊन."

तिच्या आवाजात रडण्याचा लवलेश नव्हता. वायरमनने आयुष्यभर यंत्रांचे आवाज ऐकले होते. मोटर जळण्यापूर्वी काही काळ अगदी शांत चालते, हे त्याला ठाऊक होते.

*

तो तिथून थेट गॅरेजात गेला आणि मालकाला सगळे सांगितले. मालकाने केबिनचे दार लावून घेतले.

"अहवाल तुला सोडतोय आणि तू आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतोस? तुरुंग होईल. गॅरेजला टाळं लागेल. आणि ताई परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"भाची जाणार आहे."

"कुठं?"

वायरमनने फळीवरून मीटर घेतला, एक भरलेली बॅटरी उचलली आणि तो निघाला. "मी तुला जोड म्हणालो नव्हतो हां!" मालक पाठीमागून ओरडला. "मी सहज बोललो होतो!"

अहवाल लिहिणारा तपासनीस पन्नाशीचा, दुखऱ्या पाठीचा, सभ्य माणूस होता. दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता तरी आले असते. त्याने वायरमनचे म्हणणे शांतपणे ऐकले, मग चष्मा काढून डोळे चोळले.

"अहो, आम्ही तपासली ना सीट. बाहेरून बॅटरी लावून दहा वेळा पुढे-मागे केली."

"किल्ली चालू करून?"

"किल्ली पाकिटात सीलबंद आहे. मुद्देमाल आहे तो."

"म्हणजे किल्ली न फिरवताच गाडी तपासली?"

"सीट तपासली," तपासनीस म्हणाला. शब्दांच्या बाबतीत तो काटेकोर होता. "हे पाहा, तुमचं दुःख मला कळतं. बहिणीनं असं काही केलं हे मान्य होत नाही. सगळ्यांचं असंच होतं. नातेवाईक येतात आणि म्हणतात, चूक आमची होती, तिची नव्हती. मी किती जणांना समजावलंय."

"पाच मिनिटं, साहेब. तुम्ही फक्त बसायचं. समजावायचं मी."

गाडी पत्र्याच्या छपराखाली होती. पुढचा भाग नव्हताच म्हणा. पण स्टिअरिंग जागेवर होते आणि फ्यूजची पेटी शाबूत. तपासनिसाने पाकिटाचे सील फोडले, पंचनाम्याच्या वहीत वेळ टाकली आणि दुखरी पाठ सांभाळत ड्रायव्हरच्या जागी बसला. वायरमनने बॅटरी जोडली. बटण दाबून सीट पुढे आणली, ताईच्या जागेपर्यंत. ती जागा त्याला मोजावी लागली नाही. साहेबांचे गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"एवढ्या पुढे बसायची?"

"एवढ्या पुढे. आता किल्ली फिरवा. पाय ब्रेकवर. दाबून ठेवा. हात स्टिअरिंगवर."

वायरमन गाडीच्या पलीकडच्या बाजूने आत वाकला आणि गालिच्यावर, डॅशबोर्डखाली, मूठ आपटली. काही झाले नाही. पुन्हा आपटली. तपासनिसाने घड्याळ पाहिले. वायरमनच्या कपाळावरून घाम नाकावर आला. आपण निर्दोष ठरतो की काय, अशी धास्ती त्याला वाटली. आणि आयुष्यात इतके कशालाच तो घाबरला नव्हता. त्याने तिसऱ्यांदा मूठ आपटली, अशी की बोटांची साल निघाली.

मोटर गुरगुरली.

सीट मागे निघाली, त्याच हलक्या, अदबशीर चालीने. तपासनीस "अरे!" म्हणाला. त्याचा पाय ब्रेकवरून घसरला, पुन्हा शोधू लागला, मग चवड्याने हवा दाबू लागला. पाठ टेकलेली, पाय अधांतरी. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून स्वतःला पुढे ओढले, आणि स्टिअरिंग वळले. डावीकडे. पुलाचा कठडा त्या दिवशी डावीकडेच होता. सीट शेवटच्या टोकाला टेकून थांबली तेव्हा ताशी चाळीस किलोमीटरने धावणाऱ्या नव्हे, छपराखाली उभ्या असलेल्या गाडीत तो माणूस धापा टाकत होता.

"बटण का नाही दाबलंत, साहेब?" वायरमनने विचारले. "कुठलंही बटण दाबलं असतं तर थांबली असती."

"सुचलंच नाही."

"तिलाही सुचलं नसणार."

मग त्याने गालिचा उचलला, टेप सोडवली, आणि किल्लीच्या तारेचा पीळ दाखवला, उसवलेला, काळा पडलेला. हादरा बसला की तो सुटे, आणि डबीला वाटे किल्ली बंद झाली. शेजारी पत्र्याला स्क्रूने आवळलेली दाराची तार. ती मात्र पक्की होती. तिच्यात खरोखरच काही दोष नव्हता.

तपासनीस बराच वेळ गाडीतून उतरला नाही. उतरल्यावर त्याने अहवालाची स्वतःची प्रत काढली, सातवा परिच्छेद पाहिला, आणि तिची दुमड पुन्हा घातली.

"तुम्हाला कळतंय ना काय होतंय ते? मी हा परिच्छेद काढला तर त्या जागी तुम्ही येता."

"येऊ द्या."

"आधी वकील घ्या. दोन दिवसांनी या."

"उद्या भाची सही करणार आहे. आणि सही करून या सीटवर बसणार आहे."

तपासनिसाने त्याच्याकडे पाहिले. मग टेबलापाशी बसून कोरा कागद ओढला आणि सवयीने लिहू लागला: 'सदर इसमाकडून अनवधानाने तारजोडणीत त्रुटी राहिल्याचे...'

"अनवधानाने नाही," वायरमन म्हणाला. "आणि राहिली नाही. मी ठेवली. मी सांगतो तसं लिहा, साहेब. शब्द बदलू नका."

तपासनिसाने कागद चुरगळला. दुसरा घेतला. त्या सबंध फायलीत हे एकच पान असे आहे, की ज्यात कर्ता आपल्या क्रियापदाशेजारी उभा आहे. म्हणून ते जसेच्या तसे:

"माझ्या बहिणीच्या गाडीत सीट मी बसवली. डबी दोन गोष्टी विचारते, किल्ली बंद आहे का आणि दार उघडं आहे का. दाराची तार ओढायला दोन तास लागतात म्हणून मी ती ओढली नाही, बॉडीला जोडली. ते धोक्याचं आहे हे मला माहीत होतं. मालकांनी सांगितलं हे खरं आहे पण हात माझे होते. किल्लीच्या तारेला सोल्डर केलं नाही, नंतर करू म्हटलं. अशाच आणखी चार गाड्या मी केल्या आहेत, त्यांचे नंबर खाली देतो, त्या आजच्या आज थांबवा. बहिणीनं आठ दिवस आधी फोन करून सांगितलं होतं की सीट मागे सरकते. मी गाडी बघितली नाही. भास असेल म्हणालो. अहवाल आला तेव्हा मला बरं वाटलं, मी पाच दिवस गप्प बसलो. भाचीनं मला तोंडावर विचारलं तेव्हाही गप्प बसलो. हे मी तिला स्वतः सांगायला जाणार आहे, पण तिनं दार उघडलं नाही तर हा कागद तिला वाचून दाखवा. तिला सांगा की बटण कुणी दाबलं नव्हतं. अकरा सेकंद मी सांगितले ते बरोबर आहेत. पण ते विचार करायचे नव्हते. त्या अकरा सेकंदांत तिची आई ब्रेक शोधत होती, आणि पाय पोचेना तेव्हा हँडब्रेक तिनंच ओढला."